आमच्याकडे कुणी हरवलेलं नाही

तो फोन मी घेतला होता. हे एवढं वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली, म्हणून तेच आधी लिहून टाकतो. पलीकडच्या तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यातून एका सिस्टरनं आमच्या ठाण्यात फोन केला होता, एका अनोळखी म्हातारीबद्दल विचारलं होतं, आणि मी म्हणालो होतो, "आमच्याकडे कुणी हरवलेलं नाही." त्या म्हातारीचा मुलगा त्याच दिवशी सकाळी माझ्या टेबलासमोर उभा राहून गेला होता. मीच त्याला परत पाठवलं होतं.

मी पोलीस हवालदार आहे. मूळ गाव राजुरी. ठाणं जुन्नर तालुक्यातलं; कुठलं ते लिहीत नाही, कारण चूक ठाण्याची नव्हती. त्या दिवशी मी ठाणे अंमलदार होतो. म्हणजे दारातून जो आत येईल त्याचं पहिलं ऐकून घेणारा आणि फोन वाजला की उचलणारा. दोन्ही कामं माझ्याकडेच होती, हे मुद्दाम सांगतो. या कानाची गोष्ट त्या कानाला कळली नाही, असं म्हणायची सोय मला नाही.

भातकापणीचे दिवस होते. सकाळी डोंगरातल्या घाटघरच्या पहिल्या गाडीनं तो आला. वय चाळिशीच्या आसपास, अंगावर धुतलेला पण न इस्त्री केलेला शर्ट, खिशात काहीतरी चौकोनी फुगलेलं. दारात चपला काढून आत आला. ठाण्यात चपला काढायच्या नसतात हे त्याला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

"काय रं, काय काम?" मी विचारलं.

आमच्या तालुक्याच्या पूर्वेला कालव्याच्या पाण्यावरची बागायती गावं, माझ्या राजुरीसारखी. पश्चिमेला डोंगरातली भातशेतीची गावं. तिकडच्यांना आम्ही "वरची माणसं" म्हणतो आणि वयानं कितीही असली तरी अरे-तुरे करतो. तसं करण्यात काही चूक आहे असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

"भाऊ, आई हारावली माजी," तो म्हणाला.

"कधी?"

"काल. बाजाराला आल्यालो दोघं. तिचं डोळ्याचं आपरेशन झाल्यालं, चष्मा घ्यायचा व्हता. चष्मा घेतला. मंग म्हनलं, तू जाऊन बस गाडीत, मी इळ्यांना धार लावून येतो. आलो तर गाडीत न्हाई."

"मग दुसऱ्या गाडीत बसली असंल."

"तेच म्हंतोय ना भाऊ. आमची गाडी कायम स्टँडच्या त्या कडंच्या कोपऱ्यात लागती. काल तितं दुसरीच लागल्याली. तिला वाचाया येत न्हाई. जागा बघूनच बसती ती. आन चष्माबी माज्याच खिशात ऱ्हायला."

त्यानं खिशातून चष्म्याची डबी काढून दाखवली. जणू काही तो पुरावा होता.

आज हे लिहिताना कळतं की त्यानं मला सगळं देऊन टाकलं होतं. कोपरा, वेळ, चुकीची गाडी. स्टँडवरच्या कंट्रोलरला एक फोन केला असता तर त्या वेळी त्या कोपऱ्यात कुठली गाडी लागली होती ते चहा थंड व्हायच्या आत कळलं असतं. मला हे जमत नव्हतं असंही नाही. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात माझी आई एसटीत पिशवी विसरली. पिशवीत काय, तर दोन लुगडी आणि पापड. मी कंट्रोलरला फोन केला, त्यानं पुढच्या स्टँडला केला, तिथल्यानं कंडक्टरला गाठलं, आणि संध्याकाळी पिशवी राजुरीच्या फाट्यावर उतरली. आईनं शेजारणींना पापड भाजून खाऊ घातले आणि सांगितलं, माझा पोरगा पोलिसात आहे.

पिशवीसाठी मी तीन माणसं कामाला लावली होती. इथं अख्खी आई होती, फक्त माझी नव्हती.

"सुनेशी वाजलं का काय?" मी त्याला विचारलं.

"न्हाई वो. तिला घरात कुनी उलटून बोलत न्हाई."

"मग लेकीकडं गेली असंल. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतंय राव. बाजार बघितला की त्यांना माहेर आठवतं."

माझ्यामागं बसलेले दोघं हसले. तोही थोडंसं हसला. पोलीस हसले की हसावं लागतं, तसं.

"पहिलं पावण्यारावळ्यांत बघ," मी म्हणालो. "न्हाई घावली तर उद्या ये. येताना फोटो आण."

"फोटो हाय की. आधारचा."

"आधारच्या फोटोत माझी बायकोसुद्धा दरोडेखोर दिसती. चांगला आण."

पुन्हा हसू. त्यानं डबी खिशात घातली, दारात चपला पायात सरकवल्या आणि गेला.

"पाहुण्यांत बघ" ही आमची जुनी रीत आहे. हरवलेल्या माणसाची नोंद केली की जबाब घ्या, फोटो फिरवा, बिनतारी संदेश द्या, दवाखान्यांना कळवा, आणि माणूस सापडेपर्यंत तो आकडा डोक्यावर वागवा. बरीच माणसं दुसऱ्या दिवशी आपोआप घरी येतात. म्हणून आम्ही नातेवाइकांनाच आधी पळवतो. आपोआप आली तर आमचं काम वाचलं. नाही आली तर एक दिवस गेला, त्याला काय होतंय, असं आम्ही समजतो.

दुपारी फोन वाजला.

"नमस्कार साहेब, दवाखान्यातून सिस्टर बोलतेय," पलीकडून बाई म्हणाल्या. आवाज दमलेला होता, पण घाईचा नव्हता. "काल संध्याकाळी एक आजी आणल्यात आमच्याकडे. अवसरी खुर्दच्या कॉलेजच्या वळणावर मोटारसायकलचा धक्का लागला. कॉलेजच्या मुलांनीच ॲम्ब्युलन्स बोलावली. डोक्याला मार आहे, मांडीचं हाड मोडलंय. नाव सांगत नाहीत. तुमच्याकडे कुणी हरवल्याची तक्रार आहे का?"

"तुमच्या हद्दीतल्या ठाण्याला कळवलं का?" मी विचारलं.

"कालच लेखी कळवलं. त्यांच्याकडे कुणाची तक्रार नाही. म्हणून आजूबाजूच्या सगळ्या ठाण्यांना मी आपली फोन करतेय. या आजी इकडच्या वाटत नाहीत. लुगडं गुडघ्यापर्यंत नेसलेलं आहे, कपाळावर गोंदण आहे. भात झोडायचं राहिलंय, एवढंच म्हणतात. आणि गाडी आली का, असं विचारतात सारखं. वरच्या भागातल्या असतील असं वाटतं."

त्या क्षणी ती चष्म्याची डबी माझ्या डोळ्यांपुढं आली. आली नाही असं मी म्हणू शकत नाही. मला लगेच कळलं होतं.

त्यानंतरच्या दोन-चार सेकंदांत माझ्या मनात काय काय आलं ते नीट सांगायला हवं, कारण गुन्हा तिथं आहे. हो म्हणालो तर सिस्टर विचारणार, तक्रार कधीची. तक्रार तर घेतलीच नव्हती. मग ती आता घ्यावी लागणार. त्या माणसाला कुठून शोधायचं? त्याचा फोन नंबरही मी घेतला नव्हता. आठवडाभरापूर्वीच साहेबांनी, म्हणजे आमच्या इन्स्पेक्टरांनी, आल्या माणसाला परत पाठवण्यावरून सगळ्यांना फैलावर घेतलं होतं. आणि माझी ड्यूटी संपत आली होती. दुसऱ्या दिवसापासून सुट्टी मंजूर होती, राजुरीत कांदालागण होती. तीच म्हातारी असेल तर उद्या हा येईलच, जो कुणी टेबलावर असेल तो बघेल. एवढं सगळं माणसाच्या मनात किती झटकन येतं.

"नाही सिस्टर," मी म्हणालो. "आमच्याकडे कुणी हरवलेलं नाही. मिसिंग दाखल नाही."

दाखल नव्हतंच. वाक्य अगदी खरं होतं. मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो असेन, पण त्यातलं कुठलंच या खऱ्या वाक्याइतकं मला छळत नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "कुणी आलं तर सांगाल ना?"

"सांगतो की."

आणि मी टेबल दुसऱ्याच्या ताब्यात दिलं. देताना सांगितलं, विशेष काही नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी टेबलावर असलेल्या माझ्या सहकाऱ्यानं त्याची तक्रार रीतसर घेतली आणि आधारचा तोच फोटो आमच्या पोलिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मी राजुरीत कांद्याच्या वाफ्यात उभा होतो. मोबाइल वाजला, चिखलाच्या हातानं काढला, आणि ती म्हातारी माझ्याकडे बघत होती. कपाळावर गोंदण.

त्या ग्रुपवर सगळी ठाणी होती. दवाखाना नव्हता. दवाखान्यांचा आपला वेगळा ग्रुप, एसटीवाल्यांचा वेगळा, ग्रामसेवकांचा वेगळा. ज्याच्या त्याच्या ग्रुपवर जो तो तत्पर. हद्दीतल्या ठाण्याकडे दवाखान्याचा कागद गेला होता, पण तो अपघाताचा कागद होता. आमचा फोटो हरवलेल्या माणसाचा होता. दोन्हीकडे एकच बाई होती, आणि ती एकच आहे हे ठाऊक असलेला अख्ख्या दोन तालुक्यांत एकच माणूस होता, तो गुडघाभर चिखलात उभा होता.

मी लिहायला घेतलं, "पलीकडच्या दवाखान्यात चौकशी करा." पाठवायचं बटण दाबणार तेवढ्यात वाटलं, कुणीतरी विचारेल, तुम्हाला कसं माहीत? मी अक्षरं एक एक करून पुसली.

"कुनाचा फोन?" भावानं वाफ्याच्या पलीकडून विचारलं.

"काय न्हाई. कामाचं."

"मग सुट्टी घेऊन काय उपेग? तिकडंच ऱ्हायाचं व्हतं," तो हसून म्हणाला. मी रोपांची जुडी उचलली.

सुट्टी संपवून ठाण्यात हजर झालो तेव्हा मिसिंग तसंच पडून होतं. तो रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसत होता म्हणे. त्या सकाळीही होता. मला बघून उभा राहिला. मी त्याच्याकडे न बघता आत गेलो आणि दवाखान्यात फोन लावला. काहीतरी सुचल्याचा आव आणला, माझ्यामागच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "जरा आजूबाजूच्या दवाखान्यांत बघू."

त्याच सिस्टर फोनवर आल्या. मी वर्णन सांगितलं.

"त्या आजी काल संध्याकाळी गेल्या, साहेब," त्या म्हणाल्या.

मी त्याला जीपमध्ये घेतलं. वाटेत मी एवढंच सांगितलं की ओळख पटवायची आहे. हायवेला लागल्यावर तो एकदा म्हणाला, "एवढ्या लांब कशी काय आली आसंल?" आणि मग स्वतःलाच उत्तर दिलं, "मीच म्हनलं ना. जाऊन बस."

दवाखान्यात सिस्टर आमची वाट बघत उभ्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या बाई. शवागाराचं दार उघडलं, त्यानं पाहिलं, आणि मान हलवली. मग खिशातून चष्म्याची डबी काढली. चष्मा बाहेर काढून पुसला, आता काय करायचं ते न कळून पुन्हा डबीत ठेवला.

बाहेर पायरीवर बसल्यावर सिस्टर त्याच्याजवळ टेकल्या. "त्रास जास्त नव्हता हो शेवटी," त्या म्हणाल्या. "गाडी आली का, म्हणून विचारायच्या. मी म्हणायची, येईल आजी, पडून राहा. मग शांत व्हायच्या."

तो रडला नाही. "बसल्याली म्हना की मग गाडीची वाट बघत," तो म्हणाला. "सांगितल्यालं ऐकायची ती."

"आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तुमच्या ठाण्याला फोन केला होता," सिस्टर म्हणाल्या. "कुणीतरी म्हणालं, आमच्याकडे कुणी हरवलेलं नाही."

मी तिथंच उभा होतो. दोन हातांच्या अंतरावर.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, कळलं याला. पण तो सिस्टरकडे वळून म्हणाला, "आमच्या ठान्याचं नसंल वो ते. दुसरीकडं लागला आसंल फोन. हे भाऊ बघा ना, आज हजर झालं आन आजच घावली आई."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथं पोचल्यापासून मोजकंच बोललो होतो, पण बोललो होतो. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर जरा जास्त वेळ राहिली. मग त्या उठल्या आणि कागदांच्या मागे लागल्या. वेळेवर कळलं असतं तर आजी वाचल्या असत्या की नाही, हे मी पुढे एकदा सिस्टरना विचारलं. "ते मी नाही सांगू शकत," त्या म्हणाल्या. "मार मोठा होता. पण कुणी ओळखीचं उशाशी तरी असतं."

पौषात तो ठाण्यात आला. खांद्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. "भाऊ, तुमच्यासाठी. आमच्या खाचरातला हाय. लई वास येतो शिजताना." मी नको म्हणालो. ठाण्यातले म्हणाले, घ्या की, किती प्रेमानं आणलंय, लाच थोडीच आहे. मी घेतला. बायकोनं शिजवला. सगळ्या घरात वास दरवळला. मी जेवलो. तेही इथं लिहितो.

यानंतर जे झालं त्यानं माझी लाज आणखी वाढली, कारण ते चांगलं झालं. हे प्रकरण आमच्या साहेबांच्या जिव्हारी लागलं. आई हायवेच्या पलीकडे आणि पोरगा आमच्या बाकावर, हे त्यांना सहन होईना. त्यांनी तहसील कचेरीत बैठक बोलावली. दोन्ही तालुक्यांतली ठाणी, सरकारी दवाखाने, ॲम्ब्युलन्सवाले, एसटीचे कंट्रोलर, ग्रामसेवक, आशाताई. सुरुवातीला जो तो दुसऱ्यावर ढकलत होता. कंट्रोलर म्हणाले, आम्हाला विचारलंच कुणी? दवाखान्यातले म्हणाले, आम्ही लेखी दिलंय. एक ग्रामसेवक म्हणाला, "मला तर गावात कुणाला खोकला झाला तरी कळतं, पन मला विचारतो कोन? मला फक्त पाणीपट्टीचं विचारत्यात." सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

ठरलं ते साधंच होतं. सगळ्या खात्यांचा मिळून एक ग्रुप. अनोळखी माणूस कुठंही आला, दवाखान्यात, स्टँडवर, रस्त्यावर, की लगेच त्यावर टाकायचं. प्रत्येक ठाण्यात एक माणूस नेमायचा, त्याचा नंबर सगळ्यांकडे. रुग्णाचा आजार वगैरे टाकायचा नाही, फक्त ओळखीपुरतं. आणि हरवल्याचं सांगायला आलेल्या माणसाला पाहुण्यांत पाठवायचं नाही. आधी लिहून घ्यायचं, मग सगळ्यांनी मिळून पाहुणे शोधायचे.

आमच्या ठाण्यातून नेमायचा माणूस म्हणून साहेबांनी माझं नाव घेतलं. "दवाखान्यांत विचारायचं यांनाच सुचलं," ते म्हणाले. टेबलाच्या त्या टोकाला सिस्टर बसल्या होत्या. त्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिल्या.

ते काम मी मनापासून केलं. अजून करतो. एकदा ओतूरकडचे एक विसरभोळे गुरुजी एसटीतून भलतीकडे गेले होते. कंडक्टरनं फोटो टाकला आणि मुलगा पोचायच्या आत त्यांना चहा पाजून बसवलं होतं. अशी आणखीही माणसं घरी गेली. मग मला दुसऱ्या ठाण्यांत, प्रशिक्षणांत बोलायला बोलावू लागले. मी या आईचीच गोष्ट सांगायचो. "दुर्दैवानं माहिती वेळेत पोचू शकली नाही," असं म्हणायचो. त्या वाक्यात कुणीच नसतं. माहितीच बिचारी वाटेत कुठंतरी चुकलेली असते. लोक माना डोलवायचे. शेवटी टाळ्या. कधी कधी समोर सिस्टरही असायच्या.

तांदूळ दुसऱ्या वर्षी आला, तिसऱ्या वर्षीही आला. या खेपेला त्याची बायको घेऊन आली. बाजारची पिशवी एका हातात, गाठोडं डोक्यावर.

"मालक कुठंयत?" मी विचारलं.

"ते येत न्हाईत आता बाजाराला," ती म्हणाली. "स्टँडावर आलं की पाय कापत्यात त्यांचं. मीच येते आता सगळ्याला."

"अजून?"

"आवं, घरात कुनाला बस म्हनत न्हाईत ते. पावनं आलं तरी न्हाई. उभं ऱ्हात्यात नुसतं. मी म्हनते, आवं त्यांना बसा तरी म्हना. तर म्हंत्यात, मी कुनाला बस म्हनायचं न्हाई आता." ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. "पोरं चिडिवत्यात. पन त्यांच्या डोक्यातनं जात न्हाई, की मीच आईला मारली."

मी गाठोडं घेतलं नाही. म्हणालो, राहू द्या, मीच येतो घाटघरला. ती गेली आणि मी बराच वेळ बाहेरच्या त्या बाकाकडे बघत बसलो, ज्यावर तो बसायचा. दोन वर्षं मी समजत होतो की माझी चूक माझ्यापुरती आहे, मनातल्या मनात सोसतोय, पुरेसं आहे. तसं नव्हतं. मी जे बोललो नव्हतो ते तो वाहत होता. माझ्या वाटणीचं ओझं एक भला माणूस डोक्यावर घेऊन उभा होता, आणि खाली बसत नव्हता.

आधी सिस्टरना फोन केला. "सिस्टर, तुमचा तो फोन मी घेतला होता."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात तुम्ही 'नमस्कार' म्हणालात तेव्हाच आवाज ओळखला."

"मग बोलला का नाहीत? बैठकीत तरी?"

"बोलले असते तर ती तक्रार झाली असती. चौकशी झाली असती, तुम्ही नाकारलं असतं, आणि आमच्याकडून पुन्हा तुमच्या ठाण्यात कुणी फोन करायला धजावलं नसतं. मला यापुढचे फोन महत्त्वाचे होते." मग त्या म्हणाल्या, "पण तुमचा राग येत नव्हता असं नाही. टाळ्या पडायच्या तेव्हा फार यायचा."

मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझी नंतर मागा. त्यांच्याकडे जा आधी."

मग साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं. "लेखी द्या," ते एवढंच म्हणाले. दिलं. त्याचं जे व्हायचं ते होईल, ते मी इथं लिहीत नाही. निघताना त्यांनी विचारलं, "वर कधी जाताय?"

"उद्या."

"युनिफॉर्मवर जाऊ नका."

एसटीनं गेलो. गाडी कोपऱ्यातच लागली होती. खिडकीतून डोंगर जवळ येत गेला आणि मला कळलं की इतक्या वर्षांत मी या गाडीत कधी बसलोच नव्हतो. जीपनंच यायचो, कुणाला तरी उचलायला.

भात झोडून झालं होतं. घरापुढच्या खळ्यात पेंढ्याची उडवी लागली होती आणि तो शेणानं खळं सारवत होता. मला बघून घाईनं उठला, हात धोतराला पुसले. "भाऊ! आज हिकडं कसं? आगं, च्या टाक." बायको दारात आली, माझ्याकडे बघून आत गेली. त्यानं मला बसायला घोंगडी अंथरली. अंथरली, पण बसा म्हणाला नाही. घोंगडीच्या या बाजूला तो उभा, त्या बाजूला मी.

"तुमी बसा आधी," मी म्हणालो. "मग मी बसतो. मला सांगायचंय काहीतरी."

त्याला मी आजवर कधी "तुमी" म्हटलं नव्हतं. तो गोंधळला, पण बसला, अर्धा, घोंगडीच्या कडेला. मी त्याच्यासमोर बसलो.

"आई गाडी चुकल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमी माझ्याकडं आला व्हता," मी म्हणालो. "आठवतंय?"

"आठवतंय की. तुमी म्हनलं पावण्यांत बघ."

"त्याच दिवशी दुपारी दवाखान्यातनं फोन आला. आई सापडल्या व्हत्या. जित्या व्हत्या, बोलत व्हत्या. सिस्टरनी विचारलं, तुमच्याकडं कुनी हरवलंय का. तो फोन आपल्याच ठाण्यात आला व्हता."

आत स्टो पेटल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"कुनी घेतला?" त्यानं विचारलं.

"मी घेतला. मला कळलं व्हतं त्या तुमच्या आई हायेत म्हणून. चष्म्याची डबी मी बघितली व्हती. तरी मी न्हाई म्हनलो. काम वाचवायला म्हनलो. तुमी आईला गाडीत बस म्हनलात, त्यात काय बी चूक न्हवती, कुनीबी तेच म्हनलं असतं. गाडी चुकली व्हती, आई हरवल्या न्हवत्या. त्या सापडल्या व्हत्या. तुमच्यापासनं मी हरवलं त्यांना. चूक माझी हाय, भाऊ, तुमची न्हाई. मला माफ करा."